नागरी शाश्वततेच्या धोरणाचा सामाजिक पैलू : पुण्यातील कचरावेचकांच्या संदर्भात

नगरविकासाच्या अलीकडील विचारात ‘शाश्वतता’ या संज्ञेला जे स्थान प्राप्त झाले आहे, ते पाहता तिच्या अर्थाविषयी एकमत झाले असावे, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आयोगाने १९८७ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात शाश्वत विकासाची कल्पना गरजांच्या भाषेत मांडलेली आहे. चालू पिढीच्या गरजा भागाव्यात, आणि त्या भागविताना पुढील पिढ्यांच्या वाट्याला उणेपणा येऊ नये, असे तिचे सार सांगता येईल. या कल्पनेत न्यायाचे दोन प्रकार अनुस्यूत आहेत. एक, आजची पिढी व उद्याची पिढी यांच्यातील न्याय. दुसरा, आजच्याच पिढीतील निरनिराळ्या वर्गांमधील न्याय. आयोगाने गरिबांच्या मूलभूत गरजांना अग्रक्रम दिला होता, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी. तथापि नगरांच्या धोरणात पहिल्या न्यायाची चर्चा जितकी झाली, तितकी दुसऱ्याची झाली नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या उद्दिष्टांपैकी अकरावे उद्दिष्ट नगरांसंबंधी आहे. नगरे समावेशक, सुरक्षित, लवचीक व शाश्वत व्हावीत, असे त्यात म्हटलेले आहे. चार विशेषणांत ‘समावेशक’ हे पहिले आहे. व्यवहारात मात्र धोरणाचा क्रम बहुधा उलट असतो. प्रथम तंत्र निश्चित होते, मग त्याच्या खर्चाची तरतूद होते, आणि अखेरीस ज्यांच्या जीवनावर त्याचा परिणाम होणार त्यांचा विचार एखाद्या परिशिष्टात केला जातो. सामाजिक पैलू हा असा शेवटी जोडावयाचा स्तंभ आहे काय, की पर्यावरणविषयक फलितच त्याच्यावर आधारलेले असते, हा प्रस्तुत विवेचनाचा मुख्य प्रश्न होय. त्याचे उत्तर केवळ तत्त्वचर्चेने मिळण्यासारखे नाही. म्हणून घनकचऱ्याची व्यवस्था हे एकच क्षेत्र आणि पुणे हे एकच नगर मुख्यतः विचारात घेतले आहे.

सामाजिक पैलू म्हणजे काय?

‘सामाजिक’ हा शब्द धोरणविषयक लेखनात इतक्या सैलपणे वापरला जातो की, त्यात आरोग्य, शिक्षण, लोकसहभाग, वारसा, सुरक्षितता असे सर्व काही सामावते आणि परिणामतः त्याची धार बोथट होते. विश्लेषणाच्या सोयीसाठी त्याचे तीन प्रश्नांत विभाजन करणे उपयुक्त ठरेल. पहिला प्रश्न वाटपाचा : धोरणाचा लाभ कोणाला मिळतो आणि भार कोणावर पडतो? दुसरा मान्यतेचा : नगर ज्यांच्या श्रमांवर चालते, त्यांचे श्रम ‘काम’ म्हणून ओळखले जातात काय? तिसरा निर्णयाचा : व्यवस्था ठरविताना कोणाचे म्हणणे विचारात घेतले जाते? हे तीन प्रश्न परस्परांत गुंतलेले असले तरी एकरूप नाहीत. लाभात वाटा मिळूनही मान्यता न मिळणे शक्य असते. मान्यता मिळूनही निर्णयाच्या बैठकीत जागा नसणे, ही तर नेहमीची गोष्ट आहे.

या विचाराची परंपरा आपल्याकडे अगदीच नवी नाही. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याचे प्रमुखपद पॅट्रिक गेडिस यांच्याकडे आले. त्यापूर्वीची काही वर्षे ते हिंदुस्थानातील अनेक नगरांची पाहणी करून त्यांच्या सुधारणेविषयी अहवाल लिहीत होते. दाट वस्त्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याची जी पद्धत तत्कालीन नगरसुधारणा-मंडळांनी अवलंबिली होती, तिला त्यांचा विरोध होता. वैद्याने रोग्याची तपासणी केल्यावाचून शस्त्र चालवू नये, त्याप्रमाणे नगराची व नगरवासीयांच्या जीवनक्रमाची पाहणी केल्यावाचून योजना आखू नये, अशी त्यांची भूमिका होती. तपासणी प्रथम आणि उपचार नंतर, हे तत्त्व कचऱ्याच्या प्रश्नाला लावून पाहिले असता काय आढळते, ते पुढे दिसून येईल.

कचऱ्याची वाटचाल

कचरा ही वस्तूंची जात नसून त्यांची अवस्था आहे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. गठ्ठा बांधून ठेवलेले वर्तमानपत्र ही रद्दी असते, आणि रद्दीला भाव असतो. तेच वर्तमानपत्र उष्ट्या अन्नात भिजले की त्याचा कचरा होतो. वस्तू एकच, परंतु तिची किंमत ती कोणाबरोबर मिसळली आहे यावर ठरते. ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्याला जे महत्त्व आहे, त्याचे मूळ या साध्या गोष्टीत आहे.

भारतीय नगरांत या वस्तूंची एक पायऱ्यापायऱ्यांची बाजारपेठ फार पूर्वीपासून चालत आली आहे. तिच्या तळाशी दोन प्रकारचे श्रमिक असतात. डबा-बाटलीवाल्या व फेरीवाले भंगारवाले थोडेसे भांडवल जवळ बाळगून दारोदार माल विकत घेतात. कचरावेचकांपाशी तेवढेही भांडवल नसते. त्या कुंडीतून, रस्त्यावरून वा कचरा-डेपोवरून माल वेचतात. वेचलेला माल त्या निवडतात. पुठ्ठा, पांढरा कागद, वर्तमानपत्र. कडक प्लास्टिक, मऊ प्लास्टिक, दुधाच्या पिशव्या. अखंड बाटली, फुटकी काच. पत्रा, लोखंड, ॲल्युमिनियम, तांबे, पितळ, असे त्याचे अनेक प्रकार होतात आणि प्रत्येकाचा भाव निराळा असतो. भंगाराचा दुकानदार तो वजनावर घेतो, त्याच्याकडून तो ठोक व्यापाऱ्याकडे आणि तेथून कारखान्याकडे जातो. भाव कोठे ठरतो, हे तळाशी असलेल्या स्त्रीला ठाऊक नसते. २००८ च्या अखेरीस जागतिक मंदी आली तेव्हा कच्च्या मालाबरोबर भंगाराचे भावही घसरले, आणि ज्यांनी शेअरबाजाराचे नावही ऐकले नव्हते त्यांच्या त्या दिवसाच्या मिळकतीत घट झाली. अडीअडचणीला दुकानदाराकडून उचल घ्यावयाची आणि मग माल त्यालाच द्यावयाचा, या प्रथेमुळे भावाविषयी घासाघीस करण्याची शक्तीही मर्यादित राहते.

या श्रमांतून नगराला काय मिळते, याचा हिशेब तीन रकमांत मांडता येईल. कारखान्याला कच्चा माल मिळतो व तितक्या प्रमाणात झाडे, तेल, खनिजे आणि ऊर्जा वाचते. नगरपालिकेला तितका कचरा उचलावा व वाहून न्यावा लागत नाही. डेपोची जागाही तितकी कमी भरते. पहिल्या रकमेचा काही अंश भंगाराच्या भावाच्या रूपाने कचरावेचकांना मिळतो. दुसऱ्या व तिसऱ्या रकमेपैकी त्यांना परंपरेने काहीही मिळत नव्हते. किंबहुना ज्या सेवेमुळे नगराचा खर्च वाचत होता, तिच्याकडे चोरी किंवा भटकेपणा म्हणून पाहिले जात होते. ‘शाश्वतता’ हा शब्द प्रचारात येण्यापूर्वीच भारतीय नगरांत पुनर्वापर चालू होता. मात्र तो समाजाच्या अगदी तळाच्या थरावर लादलेल्या दारिद्र्याच्या आधाराने चालू होता.

पुण्यातील संघटन

पुण्यातील कचरावेचकांत बहुसंख्य स्त्रिया होत्या व आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य दलित समाजातील आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून व इतर अवर्षणग्रस्त भागांतून नगरात आलेली अनेक कुटुंबे या व्यवसायात शिरली. भांडवल नाही, अक्षरओळख नाही, ओळखीपाळखी नाहीत, अशा स्थितीत मोकळी असलेली हीच वाट होती. जातीने अशा श्रमांची वाट आधीच आखून ठेवली होती, हेही त्याबरोबरच म्हटले पाहिजे.

श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुणे येथील प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाचा या स्त्रियांशी संबंध साक्षरतेच्या कार्याच्या निमित्ताने आला. लक्ष्मी नारायण व पूर्णिमा चिकरमाने या त्या कार्याशी संबंधित होत्या. शिक्षणाचा विचार करता करता हे ध्यानात आले की, उकिरड्यातून वेचण्याऐवजी घरातूनच निवडलेला सुका कचरा मिळाला तर कामाचे तास वाचतात, माल स्वच्छ मिळतो आणि भावही बरा येतो. विद्यापीठाच्या एखाद्या विभागाने अभ्यासविषय म्हणून निवडलेल्या लोकसमूहाबरोबर राहून त्याच्या व्यवसायाची पाहणी केली व तीतून उपाय निघाला, असे हे उदाहरण आहे. पुढे १९९३ मध्ये हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. ‘कष्टकरी’ हा शब्द त्या नावात निरर्थक नाही. कचरा वेचणे हे काम आहे आणि ते करणारी व्यक्ती कामगार आहे, हा संघटनेचा पहिला दावा त्यातून व्यक्त होतो.

या दाव्याला प्रथम जे मूर्त रूप आले ते ओळखपत्राचे. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास पुणे महानगरपालिकेने संघटनेच्या सभासदांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. सकृद्दर्शनी ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. परंतु पहाटे पाठीवर पोते घेऊन हिंडणाऱ्या स्त्रीला पोलिसाने हटकले, वा सोसायटीच्या रखवालदाराने चोर म्हणून अडविले, तर आपण कोण व येथे का आलो याचे उत्तर तिला त्या कार्डाने देता येऊ लागले. पुढे २००२-०३ च्या सुमारास नोंदलेल्या कचरावेचकांसाठी महानगरपालिकेने वैद्यकीय विम्याची योजना सुरू केली. विम्याच्या रकमेपेक्षा त्यामागील तर्क अधिक महत्त्वाचा आहे. नगराची सेवा करताना ज्यांच्या शरीराला इजा होते, त्यांच्या उपचारांचे काही दायित्व नगरावर आहे, हे त्यात गृहीत धरलेले होते. बचतीसाठी पतसंस्था आणि स्वतःचे भंगार दुकान, हे संघटनेचे उपक्रमही वर वर्णिलेल्या उचलीच्या बंधनाला पर्याय म्हणून उभे राहिले.

कचरा कोणाचा?

मान्यतेची ही वाटचाल चालू असतानाच धोरणाच्या क्षेत्रात एक मोठा बदल घडून येत होता. सर्वोच्च न्यायालयापुढे १९९६ मध्ये दाखल झालेल्या लोकहिताच्या याचिकेच्या परिणामी केंद्र शासनाने २००० मध्ये नागरी घनकचऱ्यासंबंधी नियम जारी केले. कचरा घरोघरून गोळा करावा, त्याचे वर्गीकरण व्हावे, उघड्या कुंड्या नाहीशा व्हाव्यात, ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया व्हावी, अशी त्यांची दिशा होती. पर्यावरण व आरोग्य या दोन्ही दृष्टींनी ती योग्यच होती. मात्र जे हजारो लोक त्यावेळी प्रत्यक्ष वर्गीकरण करीत होते, त्यांच्या उपजीविकेची तरतूद या नियमांत नव्हती.

या ठिकाणी मालकीचा प्रश्न उपस्थित होतो. कुंडीत टाकलेली वस्तू व्यवहारात कोणाचीच नसते. जो वेचील त्याची ती होते. कुंडी गेली आणि दारातून थेट बंद गाडीत कचरा जाऊ लागला, की ती वस्तू नगरपालिकेची वा तिच्या ठेकेदाराची होते. कोणताही कायदा कचरावेचकाला ‘तुझा धंदा बंद’ असे सांगत नाही. केवळ कुंडी हलविली जाते आणि धंदा बंद होतो. नगर स्वच्छ दिसू लागते व स्वच्छतेच्या त्याच कृतीने काही कुटुंबांची चूल विझते. एखाद्या धोरणाचे सामाजिक परिणाम बहुधा असे अनुक्तच असतात, म्हणूनच ते शोधावे लागतात.

याला जोडून दुसरी गोष्ट आहे, ती ठेक्याच्या मोबदल्याची. वाहतुकीचा ठेका अनेक नगरांत टनावर दिला जातो. जितका कचरा डेपोवर उतरेल, तितके पैसे ठेकेदाराला मिळतात. अशा कराराखाली कचरा कमी होण्यात, वेगळा होण्यात वा पुन्हा वापरला जाण्यात ठेकेदाराचे हित नसते. ओल्या कचऱ्याचे वजन तर त्याच्या फायद्याचेच असते. याउलट कचरावेचकाचे उत्पन्न वेगळ्या काढलेल्या मालावर अवलंबून असल्यामुळे, जितके वर्गीकरण अधिक, तितकी तिची मिळकत अधिक. पर्यावरणाचे हित व श्रमिकाचे हित दुसऱ्या व्यवस्थेत एका दिशेने जाते, पहिल्या व्यवस्थेत ते परस्परविरोधी होते. पर्यावरणविषयक फलित सामाजिक रचनेवर कसे आधारलेले असते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

पुण्यात या पेचातून जो मार्ग काढण्यात आला तो असा. कचरावेचकांनीच दारोदार कचरा गोळा करण्याचा प्रयोग प्रथम काही भागांत झाला. त्यानंतर त्यांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था स्थापन झाली आणि २००८ मध्ये महानगरपालिकेने तिच्याशी पाच वर्षांचा करार केला. बहुधा दोघींची जोडी एका ठरावीक भागातील घरांतून ढकलगाडीवर ओला व सुका कचरा वेगवेगळा गोळा करते. ओला व निरुपयोगी कचरा नेमलेल्या ठिकाणी महानगरपालिकेच्या गाडीत जातो. सुका माल निवडून विकण्याचा हक्क त्यांचा असतो. प्रत्येक घराने दरमहा द्यावयाचे शुल्क आणि भंगाराची विक्री, असे मिळकतीचे दोन झरे त्यामुळे निर्माण झाले. ढकलगाड्या, हातमोजे आदी साधने आणि संस्थेच्या व्यवस्थापनाचा काही खर्च महानगरपालिकेने द्यावयाचा, असे ठरले. संस्थेच्या कचरावेचक सभासदांची संख्या पुढे तीन हजारांवर गेली.

या रचनेतील एक बारीक गोष्ट समाजशास्त्राच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. कचरा वेगळा करणे ही वरकरणी गृहिणीच्या वा नोकराच्या सवयीची बाब आहे. परंतु जेथे कचरा बंद गाडीत अज्ञात हातांनी उचलला जातो, तेथे तो वेगळा ठेवण्याचे कारण नागरिकाला अमूर्त वाटते. जेथे रोज तीच स्त्री दारात येते, नावाने ओळखली जाते, आणि मिसळलेला कचरा पाहून ‘ताई, हे वेगळं ठेवा’ असे सांगते, तेथे त्या सवयीला एक मानवी साक्षीदार लाभतो. वापरलेले आरोग्य-पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे ते उघडून पाहण्याची वेळ वेचणाऱ्या स्त्रीवर येणार नाही, अशी मोहीम ‘स्वच्छ’ने चालविली. एका लाल ठिपक्याची ही सूचना तंत्रदृष्ट्या नगण्य आहे. परंतु आपण टाकलेली वस्तू पुढे कोणाच्या तरी हातात जाते, ही जाणीव त्या ठिपक्यात साठविलेली आहे.

दोन परदेशी उदाहरणे

पुण्याचा अनुभव अपवादात्मक आहे की काय, हे पाहण्यासाठी दोन अन्य नगरांकडे संक्षेपाने वळावे लागेल. त्यांपैकी एकाने रूढ व्यवस्था बाजूस सारली, तर दुसऱ्याने तिला कायद्याचे अधिष्ठान दिले.

ईजिप्तची राजधानी कैरो येथे ‘जब्बालीन’ म्हणून ओळखला जाणारा, बहुतांशी कॉप्ट ख्रिस्ती समाज अनेक दशके घरोघरचा कचरा गोळा करीत आला आहे. दक्षिणेकडील ग्रामीण भागातून आलेली ही कुटुंबे सुका माल निवडून विकत आणि ओला कचरा आपण पाळलेल्या डुकरांना घालीत. २००३ मध्ये तेथील शासनाने आधुनिकीकरणाच्या हेतूने परदेशी कंपन्यांना पंधरा वर्षांचे ठेके दिले. दारातून कचरा नेण्याच्या जुन्या सोयीऐवजी रस्त्यावरील पेट्यांत तो नेऊन टाकणे नागरिकांच्या वाट्याला आले, आणि त्याचे शुल्क विजेच्या बिलातून वसूल होऊ लागले. जुनी व्यवस्था मोडली नाही, पण अधिकृतपणे तिचे अस्तित्व राहिले नाही. पुढे २००९ मध्ये फ्लूच्या साथीच्या भीतीने देशातील डुकरांची सरसकट कत्तल करण्यात आली. त्याबरोबर ओला कचरा जिरविणारी साखळीतील कडीच नाहीशी झाली व तो रस्त्यांवर साचू लागला. तपासणीपूर्वी शस्त्र चालविण्याचे याहून बोलके उदाहरण शोधणे कठीण आहे. शासनाला दारिद्र्य व अस्वच्छता दिसली. त्या अस्वच्छतेत दडलेली व्यवस्था दिसली नाही.

कोलंबियाची राजधानी बोगोटा येथील कचरावेचकांनी न्यायालयाचा मार्ग स्वीकारला. स्वच्छतेच्या ठेक्यांच्या निविदांत आपल्याला वगळले जाते, अशी त्यांची तक्रार होती. तेथील घटनात्मक न्यायालयाने २००३ मध्ये, आणि पुढे २०११ मध्ये अधिक ठोसपणे, त्यांच्या समावेशाचा आदेश दिला. २०१३ पासून वेचलेल्या मालाच्या वजनानुसार त्यांना नगराच्या सेवेचा मोबदला मिळू लागला. भंगाराच्या भावाव्यतिरिक्त हा मोबदला आहे, हे येथे महत्त्वाचे. वर ज्या दुसऱ्या व तिसऱ्या रकमांचा उल्लेख केला, त्या रकमांत श्रमिकाचा वाटा आहे, असे एका नगराने प्रत्यक्ष हिशेबात मान्य केले.

भारतातही २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरावेचकांची व्याख्या आली आणि त्यांच्या संघटनांना ओळखून त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर घालण्यात आले. २००० च्या नियमांशी तुलना करता हा पल्ला लहान नव्हे. मात्र नियमातील कर्तव्य आणि करारातील हक्क यांत अंतर असते. पुण्यातच कराराची मुदत संपताच नूतनीकरणाचा प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिला. २०१३ मध्ये आणि नंतर २०२० च्या अखेरीस त्याने कामगारांच्या मनात अनिश्चितता निर्माण केली. ज्या व्यवस्थेला शाश्वत म्हणावयाचे, तिच्यातील श्रमिकाला पुढच्या वर्षीचे काम शाश्वत नसावे, हा विरोधाभास दुर्लक्षणीय नाही.

काही आक्षेप

या व्यवस्थेविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार केल्यावाचून विवेचन एकांगी राहील.

पहिला आक्षेप कार्यक्षमतेचा आहे. यंत्रे व वाहने यांनी हे काम अधिक वेगाने होईल, असे म्हटले जाते. वाहतुकीच्या बाबतीत ते खरे आहे. परंतु मिसळलेला कचरा यंत्राने वेगळा करणे खर्चिक असते आणि त्यातून निघालेला माल मळका असल्याने त्याला भाव कमी येतो. यास्तव यंत्र की माणूस, हा प्रश्न चुकीचा मांडलेला आहे. वर्गीकरण कोठे व्हावे, उगमाशी की शेवटाशी, हा खरा प्रश्न होय.

दुसरा आक्षेप नगराच्या हद्दीबाहेरून येतो. पुण्याचा कचरा अनेक वर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या परिसरातील डेपोवर टाकण्यात आला. दुर्गंधी, माश्या आणि विहिरींचे दूषित पाणी यांविरुद्ध तेथील ग्रामस्थांनी वारंवार आंदोलने केली व कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. नगराच्या शाश्वततेचा हिशेब नगराच्या सीमेवर थांबविता येत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. कचरावेचक उगमाशी जितके वेगळे काढतात, तितका भार गावाच्या माथ्यावरून उतरतो. परंतु जो शिल्लक उरतो, त्याचे उत्तर एकट्या कचरावेचकांच्या श्रमांत नाही. पुन्हा वापरता न येणारी अनेक थरांची वेष्टने निर्माण करणाऱ्या उत्पादकांपर्यंत दायित्वाची साखळी न्यावी लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो तळातूनच उठतो. दलित स्त्रियांना कचऱ्याच्या कामात ‘सामावून’ घेणे म्हणजे जातीने नेमून दिलेल्या वाट्याला धोरणाचा शिक्का देणे नव्हे काय? डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांना हीन मानलेले व्यवसाय सोडण्याचा उपदेश केला होता. त्यांच्या विचारांच्या प्रकाशात पाहता गणवेश, ढकलगाडी व ओळखपत्र यांनी त्या श्रमांचे मूळ पालटत नाही. या आक्षेपाला सहजासहजी उत्तर देता येणार नाही, आणि तसे देण्याचा प्रयत्नही करू नये. एवढे मात्र म्हणता येईल की, पर्याय न देता धंदा काढून घेणे याला मुक्ती म्हणता येत नाही. कुंडी हलविल्याने कचरावेचक स्त्री शिक्षिका होत नाही. ती अधिक दूरच्या उकिरड्यावर जाते. उलट मिळकतीत स्थैर्य आले, उपचारांची सोय झाली व कामाचे तास कमी झाले, तर मुलीला पोते देण्याऐवजी शाळेत पाठविणे शक्य होते. म्हणून समावेशाची कसोटी दुहेरी असावयास हवी. आज जी स्त्री हे काम करते तिला त्याचा पूर्ण मोबदला व मान मिळावा; आणि तिच्या मुलांना ते करावे लागू नये. यांपैकी केवळ पहिल्या अटीवर समाधान मानणारे धोरण जातीची चौकट टिकवील. केवळ दुसरीच्या नावाने पहिली नाकारणारे धोरण आजच्या स्त्रीच्या तोंडचा घास काढून घेईल.

मोजमापाचा प्रश्न

नागरी कचऱ्याविषयीच्या अहवालांत कोणत्या गोष्टी मोजल्या जातात, हे पाहणे उद्बोधक आहे. गोळा झालेला कचरा टनांत मोजला जातो. प्रक्रियेची क्षमता, वाहनांची संख्या आणि खर्च रुपयांत नोंदला जातो. परंतु वर्गीकरणासाठी लागलेले तास, ओझ्याने दुखावलेले खांदे, काचेने कापलेले हात, न मिळालेले शुल्क व पावसात भिजून वाया गेलेला माल यांची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही. भंगाराच्या दुकानातून कारखान्याकडे गेलेला माल कित्येकदा नगराच्या आकडेवारीत येतच नाही, कारण तो डेपोपर्यंत पोहोचलेलाच नसतो. जो कचरा सर्वांत यशस्वीपणे हाताळला गेला, तोच कागदोपत्री अदृश्य राहावा, अशी ही मोजणी आहे. जे मोजले जात नाही ते धोरणात येत नाही, आणि त्यामुळेच सामाजिक पैलू परिशिष्टात ढकलला जातो.

पदव्युत्तर संशोधनाला येथे विस्तृत क्षेत्र उपलब्ध आहे. एखाद्या प्रभागातील घर, कचरावेचक, भंगार दुकान, ठोक व्यापारी व कारखाना अशी संपूर्ण साखळी वर्षभर अभ्यासून प्रत्येक पायरीवर माल किती, भाव किती व श्रम किती, याचा ताळेबंद मांडता येईल. ठेक्याच्या करारांतील मोबदल्याची कलमे आणि प्रत्यक्ष वर्गीकरणाचे प्रमाण यांचा संबंध निरनिराळ्या नगरांत तपासता येईल. शुल्क देण्यास नकार देणाऱ्या घरांची कारणे, तसेच कचरावेचकांच्या दुसऱ्या पिढीने स्वीकारलेले व्यवसाय, हे विषयही स्वतंत्र अभ्यासाला पात्र आहेत. अशा अभ्यासात कचरावेचक स्त्रिया केवळ माहिती देणाऱ्या म्हणून नव्हे, तर प्रश्न निश्चित करण्यातही सहभागी असाव्यात, हे पुण्याच्या अनुभवावरूनच सुचते.

प्रारंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. पुणे, कैरो व बोगोटा या तिन्ही नगरांत पर्यावरणविषयक उद्दिष्ट साधारणतः एकच होते : कचरा कमी व्हावा आणि वस्तू पुन्हा वापरात यावी. फलितात जो फरक पडला, तो यंत्रांमुळे मुख्यतः पडलेला नाही. श्रमिकाला मालावर हक्क आहे की नाही, करार टनावर आहे की वर्गीकरणावर, दारात येणाऱ्या व्यक्तीला ओळख आहे की नाही, या गोष्टींनी तो पडला. सामाजिक पैलू हा नागरी शाश्वततेला शेवटी जोडावयाचा भाग नसून तिचा पाया आहे, असे यावरून म्हणावे लागते. ज्या नगरपालिकेला आपले धोरण या कसोटीवर घासून पाहावयाचे असेल, तिने कुंडी हलविण्यापूर्वी त्या कुंडीवर कोणाचे पोट अवलंबून आहे, याची पाहणी केली तरी पुष्कळ झाले.